पांढऱ्या पडद्यापुढचा सावळा चेहरा

भिंत पांढरी रंगवली म्हणून ती फोटोत पांढरी येत नाही. साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागच्या बोळात स्टुडिओ चालवणाऱ्या एका गृहस्थांनी मला हे टेप लावून दाखवलं. (नाव छापायचं नाही, या बोलीवर ते बोलले. धंद्यातली माणसं वाचतील, म्हणाले.) स्टुलावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यापासून दिवा ४ फुटांवर आणि माणसाच्या मागे पडदा आणखी ४ फुटांवर, म्हणजे पडदा दिव्यापासून ८ फूट. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. चांगला पांढरा कागद अंगावर पडलेल्या उजेडातला ९० टक्के परत फेकतो. पण मुळात पावच पोचला तर त्याचे ९० टक्के म्हणजे जेमतेम २२-२३. कॅमेऱ्याच्या लेखी ही राखाडी झाली. गिऱ्हाईक मग विचारतं, "मागं पांढरा पडदा होता ना? मग फोटोत हे ढग कुठनं आले?"

पडद्याला त्याची स्वतःची बत्ती द्यावी लागते. चेहऱ्यावर जेवढा उजेड, त्याच्या साधारण दुप्पट पडद्यावर हवा आणि तोही सगळीकडे सारखा. त्याहून वाढवला तर पडदाच दिवा होऊन बसतो. मागून येणारा उजेड कानाच्या पाळ्या खातो, मोकळे केस कडेला विरघळतात, लेन्समध्ये धुरकटपणा येतो. म्हणून माणूस पडद्यापासून ६ ते ८ फूट पुढे बसवावा असं पुस्तकं सांगतात. या स्टुडिओची सगळी खोली मिळून १२ फूट. "पुस्तकवाल्यांना गाळ्याचं भाडं भरायला लागत नाही," मालक म्हणाले. त्यांनी स्टूल पडद्यापासून साडेतीन फुटांवर ठेवलंय आणि स्टूल नि पडदा यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या शीट उभ्या केल्यात. शीटची पडद्याकडची बाजू पांढरी. बत्तीचा उजेड तिच्यावर आपटून पडद्यावर पसरतो. माणसाकडची बाजू काळी रंगवलेली. ती उजेड माणसापर्यंत येऊ देत नाही.

इथवर सगळा हिशेबाचा मामला. पण ज्या गोष्टीसाठी मी पुणे, सातारा, कोल्हापूरकडचे स्टुडिओ हिंडलो, ती या हिशेबातच दडलेली आहे. कॅमेऱ्यातलं मीटर एक समजूत मनात धरून जगाकडे बघतं: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, पडलेल्या उजेडातला सुमारे १८ टक्के परत पाठवणारं. चौकटीचा मोठा भाग पांढराशुभ्र असला की त्याला वाटतं, उजेड फारच झाला. आणि ते सगळंच दाबून टाकतं. पांढरा करडा होतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. गोऱ्या चेहऱ्याचंही नुकसान होतंच, पण त्याच्या गाठीला थोडी शिल्लक असते. सावळ्या चेहऱ्याची डोळ्यांखालची, नाकपुडीलगतची, हनुवटीखालची छटा थेट अंधारात जाते. माणूस आरशात असतो त्याहून दोन छटा काळा येतो. मग फोटोग्राफर माउस हातात घेतो आणि तोच चेहरा तीन छटा गोरा करतो. आधी यंत्राने काळं करायचं, मग माणसाने गोरं करायचं, आणि चेहऱ्याचा म्हणून जो रंग होता तो या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहून जायचा.

रोलच्या काळात यात लॅबची भर पडायची. पांढऱ्या पडद्यापुढच्या फोटोची निगेटिव्ह दाट, काळी. मिनीलॅबचं मशीन निगेटिव्हची सरासरी काढून तिला करड्यावर आणू बघायचं, त्यासाठी कागदाला जास्त उजेड द्यायचं, आणि प्रिंट गडद यायची. चांगला ऑपरेटर अशा फ्रेमला हाताने डेन्सिटी कमी करायचा. लग्नसराईत रोलांच्या थप्प्या लागलेल्या असताना एवढं कोण बघतो? रंग जुळवायला कोडॅकने लॅबना जी नमुन्याची कार्डं दिली होती, त्यांच्यावर कित्येक दशकं गोऱ्या बाईचाच फोटो असे. त्या कार्डांना नावच पडलं होतं, 'शर्ली'. बाईची कातडी ठीक आली की मशीन ठीक. कॅनडातल्या संशोधक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास खणून काढला. त्यांना आढळलं, की गडद तपकिरी छटा नीट उमटत नाहीत या तक्रारीने कंपनी हलली ती चॉकलेटवाल्यांमुळे आणि लाकडी फर्निचरवाल्यांमुळे. सावळ्या माणसांच्या तक्रारीने जे झालं नाही ते सागवानी कपाटांनी करून दाखवलं, म्हणा ना.

यावर खरा इलाज काय, हे मला कोथरूडमध्ये कलाकारांचे पोर्टफोलिओ करणाऱ्या एका बाईंनी दाखवलं. त्यांच्यापुढे त्या दिवशी एक तरुण नाट्यकर्मी बसला होता, रंगाने चांगला काळासावळा. बाईंनी कॅमेऱ्याच्या मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हातातलं छोटं मीटर त्यांनी त्याच्या हनुवटीखाली धरलं, त्यावरचा अर्धगोल पांढरा घुमट कॅमेऱ्याच्या दिशेला. हे मीटर चेहऱ्यावरून परतलेला उजेड मोजत नाही, चेहऱ्यावर पडणारा मोजतं. त्यामुळे कातडी कोणत्या रंगाची आणि पडदा किती पांढरा याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मग त्यांनी एक मोठा सॉफ्टबॉक्स, माणसाच्या धडाएवढा, चेहऱ्याच्या डाव्या अंगाला इतका जवळ आणला की मुलगा दचकून मागे सरकला.

"घाबरू नकोस रे, चावत नाही. हनुवटी जरा खाली. खांदा सैल सोड."

पहिला फोटो पडद्यावर आला तेव्हा त्याच्या कपाळावर, गालफडावर आणि नाकाच्या दांड्यावर उजेडाचे लांब, मऊ पट्टे होते. बाई म्हणाल्या, "गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीनं कळतो. सावळ्याचा चकाकीनं कळतो. ही चकाकी हवीच. पण पार्लरवाली पावडर थापून ती मारते, आणि तिच्या हातून सुटली तर रिटचवाला 'तेलकट दिसतंय' म्हणून पुसतो. मग चेहरा राहतो सपाट, मातकट. सपाट दिसतो म्हणून लोक म्हणतात, जरा उजळ करा." दिवा लहान आणि लांब असला की चकाकीचा टिकला पडतो, मोठा आणि जवळ असला की तीच चकाकी पसरते. रंगाला हात न लावता चेहरा उजळतो तो असा. बाईंनी त्या फोटोवर नंतर जे काम केलं ते पाच-सात मिनिटांचं होतं. गालावरची एक पुटकुळी, शर्टावरचा दोरा, कपाळावर आलेली एक बट. कानामागचा व्रण त्यांनी राहू दिला. पंधरा दिवसांत आपोआप जाणार असेल ते काढायचं, जन्मभर राहणार असेल ते ठेवायचं, हा त्यांचा नियम. हा नियम जगभरच्या चांगल्या रिटचरांच्या तोंडी असतो, पाळणारे थोडे.

पांढऱ्या पडद्यावर पांढरंच आलं तर काय, हा प्रश्न आपल्याकडे जितका पडतो तितका क्वचित कुठे पडत असेल. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरी मिशी. सातारच्या स्टुडिओत मी असताना एक आजोबा पेन्शनच्या कामासाठी फोटो काढायला आले. मालकांचा पुतण्या संगणकावर बसतो. त्याने फोटो सॉफ्टवेअरला दिला, पार्श्वभूमी काढायचं बटण दाबलं, आणि सॉफ्टवेअरने आजोबांची टोपी पार्श्वभूमीबरोबर काढून टाकली. कपाळाच्या वर काही नाही! पुतण्या हसायला लागला. आजोबा हसले नाहीत. मालक उठले, पडद्याची बत्ती अर्ध्याने कमी केली, थर्माकोलच्या काळ्या बाजू आजोबांच्या खांद्यांजवळ ओढल्या आणि पुन्हा फोटो घेतला. काळ्या शीटचं प्रतिबिंब टोपीच्या कडेला पडलं. केसाएवढी करडी रेघ. पण तेवढ्याने टोपी पडद्यापासून सुटी झाली.

हीच रेघ अमेरिकेतल्या एका फार प्रसिद्ध फोटोत आहे. फॅशनच्या जगात नाव कमावलेल्या रिचर्ड अ‍ॅव्हेडनला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या अ‍ॅमन कार्टर म्युझियमने काम दिलं आणि १९७९ ते १९८४ या काळात तो दर उन्हाळ्यात पश्चिम अमेरिकेत फिरला. खाणकामगार, ट्रकवाले, कत्तलखान्यातले मजूर, भटके. १८९ गावं, ७५२ माणसं. पांढरा कागद भिंतीला किंवा ट्रकच्या अंगाला चिकटवायचा, माणूस सावलीत उभा करायचा, आणि लाकडी तिकाटण्यावर ८ बाय १० इंची फिल्मचा डिअरडॉर्फ कॅमेरा. दिवा एकही नाही. १९८१ साली त्याने रोनाल्ड फिशर या माणसाचा फोटो काढला, त्यासाठी मधमाशापालकांच्या मासिकात जाहिरात देऊन माणूस शोधला होता. उघडा, केसविरहित, फिकट अंगाचा हा माणूस पांढऱ्या कागदापुढे उभा आहे आणि त्याच्या अंगावर मधमाश्या फिरतायत. फिकट अंग आणि पांढरा कागद यांच्यामधली ती बारीक कड नसती तर कागदावर नुसत्या माश्याच उरल्या असत्या. अ‍ॅव्हेडनने ही माणसं उघड्यावर आणली, त्यांचं गाव-शिवार त्यांच्यापासून तोडलं, अशी टीका तेव्हा झाली. मला ती पुरती पटत नाही. पण पांढरा पडदा म्हणजे काहीच न सांगणारी रिकामी जागा, हे या फोटोंनी खोटं ठरवलं, एवढं नक्की. माणसाचं घर, अंगण, हत्यार, सोबती काढून घेतले की बघणारा चेहऱ्यावरची एकेक रेघ वाचत बसतो.

आणि म्हणूनच त्या रेघा पुसायची घाई होते.

ही घाई जुनी आहे. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्श्टेंगलने एकाच माणसाचे रिटच केलेले आणि न केलेले फोटो शेजारी शेजारी मांडले, तेव्हाच लोकांना कळलं होतं की कॅमेरा खोटं बोलू शकतो. आणि कळल्यावर गर्दी कमी न होता वाढली. पार्श्वभूमी बदलण्यात तर मुंबई कुणाच्या मागे नव्हती. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रज फोटोग्राफरने 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या नावाचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. मुंबईतल्या जातीजमातींचे नमुने म्हणून यात जी माणसं उभी आहेत, त्यांतली कितीतरी एका जागी टिपून, कापून, दुसऱ्याच देखाव्यावर आणून बसवलेली आहेत. हल्ली स्टुडिओच्या दारावर 'बॅकग्राउंड बदलून मिळेल' अशी पाटी असते. तिचा हा पूर्वज.

सातारच्या मालकांचे आजोबा निगेटिव्ह टचिंग करायचे. त्यांची उतरती लाकडी पेटी अजून माळ्यावर आहे. खाली आरसा, मध्ये निगेटिव्ह ठेवायची काचेची खिडकी. पेन्सिल धरावी म्हणून निगेटिव्हवर आधी राळेचं पातळ मीडियम चोळायचं, मग कठीण शिशाची, सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल. सुरकुती प्रिंटवर काळी दिसते म्हणजे निगेटिव्हवर ती पारदर्शक असते. तिथे शिसं भरलं की उजेड अडतो आणि प्रिंटवर सुरकुती उजळते. मागची पार्श्वभूमी नकोशी असेल तर ब्रशने दाट रंग लावून ती निगेटिव्हवर बुजवायची. जिथून उजेड जाणार नाही तिथे कागद पांढरा राहणार. म्हणजे जुन्या अल्बममधल्या पुष्कळ पांढऱ्या पार्श्वभूमीमागे पडदा नव्हताच. तिथे हात होता, ब्रश होता आणि कानाभोवतीचं वळण सांभाळणारा श्वास होता.

पण या पेटीपाशी बसल्यावर मला जे कळलं ते कोणत्याही पुस्तकात अधोरेखित केलेलं मी वाचलेलं नाही. पेन्सिलीला एकच काम येतं, उजळ करण्याचं. एखादी जागा गडद करायची तर निगेटिव्हवरचा थर पात्याने खरवडावा लागे, आणि हात जरा चुकला की निगेटिव्ह गेली. त्यामुळे साधा कारागीर पातं उचलतच नसे. फोटो बिघडण्याचा धोका पत्करून कोण कुणाला सावळं करणार? चार पिढ्या टचिंग म्हणजे उजळ करणं हेच शिकत आल्या, ते गिऱ्हाइकाच्या हौसेने जितकं, तितकंच हत्याराच्या स्वभावाने. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, डाग शेजारच्या कातडीने बुजवणारा हीलिंग ब्रश २००२ मध्ये आला. आता गडद करणं आणि उजळ करणं दोन्ही एका बोटाचं काम आहे, धोका शून्य. सवय मात्र पेन्सिलीचीच राहिली.

त्या सवयीला बाजार आहे, तो स्थळांचा. बायोडेटात उंची, शिक्षण, पगार, देवक आणि मग रंग: गोरा, निमगोरा, गव्हाळ. सावळा लिहायची वेळ आली की घरात चर्चा होते. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातून गोरेपण काढलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं गाळायची सोय बंद केली. पण बायोडेटातली ती ओळ काही कुठल्या कंपनीने छापलेली नाही, त्यामुळे ती बंद करणारंही कुणी नाही. कोल्हापूरकडच्या एका स्टुडिओत मी आई, आत्या आणि मुलगी अशा तिघींना संगणकाच्या पडद्यापुढे बघितलं. आत्या सांगत होत्या, "अजून थोडं. अजून. बास. नाही, मघाचं बरं होतं." मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आत्या, तो मुलगा मला भेटायला येणारे ना? तेव्हा काय करायचं?" आत्यांनी तिच्याकडे असं बघितलं की पोरीला जगाचं काही कळत नाही.

फोटोग्राफरांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्या बाजूने एवढंच सांगतो, की गोरं न करता फोटो दिला तर तो परत येतो आणि पैसे बुडतात. वाद घालायला सीझनमध्ये वेळ नसतो.

सरकारचा पांढरा पडदा मात्र याच्या बरोबर उलटं मागतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. नोंदणीच्या संचात बोटांचे ठसे घ्यायच्या यंत्राबरोबर पांढरा पडदाही असतो, आणि त्याच्यापुढे आपण सगळे कसे दिसलो हे आपलं आपल्याला माहीत आहे. पासपोर्टचा फोटो सेवा केंद्रातच काढतात, ४ वर्षांखालच्या लेकरांचा तेवढा बरोबर न्यावा लागतो. तान्ह्या मुलाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो घेतात. मान धरत असेल तर आईच्या अंगावर चादर टाकून तिच्या मांडीवर बसवतात, आणि चादरीखालून ती गाणं म्हणत राहते. परदेशातल्या भारतीय वकिलातींनी १ सप्टेंबर २०२५ पासून फोटोचे नियम कडक केले: पांढरी पार्श्वभूमी, चौकटीतला ८० ते ८५ टक्के भाग चेहऱ्याने भरलेला, सॉफ्टवेअरने कसलाही बदल नाही. अमेरिकेच्या व्हिसाला चष्मासुद्धा १ नोव्हेंबर २०१६ पासून चालत नाही. कारण साधं आहे. विमानतळावरचं यंत्र चेहऱ्यातली अंतरं मोजून माणूस ओळखतं. दोन चेहरे बेमालूम मिसळून एकच फोटो केला तर दोघेही एका पासपोर्टवर जाऊ शकतात. या धास्तीने जर्मनीने १ मे २०२५ पासून कागदी फोटो घेणंच थांबवलं. फोटो एकतर कचेरीत काढायचा, नाहीतर नोंदणीकृत फोटोग्राफरने सुरक्षित मार्गाने थेट पाठवायचा.

या नियमाचा आपल्याकडे एक चांगला उपयोग झालेला मी बघितला. अमेरिकेतल्या लेकाकडे निघालेल्या एका आजींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, हिरवट काळे ठिपके. सातारच्या मालकांच्या पुतण्याच्या सॉफ्टवेअरला ते डाग वाटले. 'स्किन स्मूद' लावताच एका क्षणात सगळं साफ. आजी चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या. "माझं गोंदण कुठं गेलं?" पुतण्या म्हणाला, "आजी, छान दिसताय की." आजी म्हणाल्या, "छान कुणाला दिसायचंय? तिथं मला वळखायला नको?" मालकांनी तेवढ्यात मूळ फाइल उघडून दिली, आणि पुतण्याला सगळ्यांदेखत सुनावलं की व्हिसाच्या फोटोला हात लावायचा नाही, कितींदा सांगायचं.

आता या दोन पडद्यांची गाठ पडू लागली आहे. लग्न होऊन परदेशी जाणाऱ्यांना जोडीदाराच्या व्हिसासाठी लग्नाचे फोटो पुरावा म्हणून जोडावे लागतात. गेल्या मोसमात मालकांकडे एक जोडपं आलं, दोघांचे वडील बरोबर. अल्बममधली नवरी पासपोर्टमधल्या नवरीहून इतकी गोरी होती की सासऱ्यांनाच शंका आली. अल्बम याच स्टुडिओने केलेला.

"हे फोटो आधी होते तसे करून मिळतील का?" सासऱ्यांनी विचारलं.

"मिळतील की," मालक म्हणाले, "पण तुम्हीच उजळ करायला सांगितलं होतं."

"ते हिच्या वडिलांनी."

वडील म्हणाले, "मी नव्हतो. आमच्या मंडळींनी सांगितलं असेल."

नवरी हसत होती. मालकांनी हार्ड डिस्क शोधायला दोन दिवस लागतील असं सांगितलं, मूळ रंगाचे पैसे वेगळे पडतील हेही सांगितलं, आणि अॅडव्हान्स घेतला.